पट्टीवरचं नाव

जुलैत ड्युनेडिनला पाचलाच अंधारून येतं.
विद्यापीठाच्या मागच्या इमारतीतला हीटर
आधी खोकतो, मग तापतो.
आम्ही सहा जणी दर गुरुवारी तिथे बसतो.
संशोधनाचा निधी बेताचा,
आल्याची बिस्किटं मोरॅग घरून आणते.

फळ्यावर मेरेआनाने नियम लिहिलेत,
पुसलेत तर बघा, असं बजावून :
'मी' लिहायचं नाही, 'ती' लिहायचं.
कारणं द्यायची नाहीत, काय होतं तेवढंच.
वाचून झालं की कागद मधोमध ठेवायचा,
सगळ्यांचे हात पोचतील असा.

त्या आठवड्याचा शब्द होता : उसनं.

विलेमाइन सत्तरीची, आईवडील हॉलंडहून बोटीने आलेले.
चष्मा कपाळावर सारून तिने वाचलं :
'ती आठ वर्षांची आहे. सेंट क्लेअरचा खारा तलाव.
पोहायचा पोशाख पिवळा, शाळेच्या कपाटातून मिळालेला.
मानेपाशी नावाची पट्टी शिवलेली.
नाव दुसऱ्याच मुलीचं.
ती पाण्यात उतरते. पट्टी टोचते.'

झालं. मग आम्ही तुटून पडलो.
दोरा कुठल्या रंगाचा, शुएफेनने विचारलं.
आठवत नाही.
मान ओली असताना टोचते की वाळल्यावर?
वाळल्यावर. नाही, थांब. ओली असताना.
सेफिना म्हणाली, लाल असणार,
आमच्या घरी सगळ्या बहिणींच्या गणवेशांना लालच होता.
विलेमाइनने समासात लिहिलं : लाल.

तिसऱ्या गुरुवारी परतताना
बसमध्ये मी मान खाजवत होते.
मी पोहायला कधी शिकलेच नाही.

अहवालाच्या पहिल्याच वाक्याला गाडी अडली.
इंग्रजीत एकच शब्द,
त्यात कोण आत, कोण दाराबाहेर, कळायला मार्ग नाही.
मेरेआना म्हणाली, आमच्या भाषेत दोन आहेत.
मातोउ, म्हणजे आम्ही, तुला वगळून.
तातोउ, म्हणजे आपण, तुला धरून.
मोरॅग गोरची, तिकडचा 'र' जिभेवर गडगडवत तिने विचारलं,
बरं, मग यातला पहिला कधी संपला
आणि दुसरा कधी सुरू झाला?
तारीख कुणी टिपून ठेवली नव्हती.

चौथ्या गुरुवारी विलेमाइन कोट न काढता उभीच राहिली.
तो पोशाख मी घातला नव्हता, म्हणाली.
आनेकेने घातला, धाकटीने.
मी काठावर टॉवेल धरून उभी होते.
रात्री अंथरुणात ती सांगत राहिली, टोचलं, टोचलं,
आणि एवढ्या वर्षांत कधीतरी
ते माझ्या मानेवर आलं.
आनेके आता ख्राइस्टचर्चला एका खोलीत असते.
तिला तलावही आठवत नाही.

नोंद बाद करायची का, मी विचारलं.
मला नोकरीच त्याची आहे.
मोरॅगने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
शुएफेन बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली,
टॉवेल कोरडा होता का?

विलेमाइन खाली बसली. कोट अंगावरच.
'ती अकरा वर्षांची आहे,' तिने लिहिलं,
'टॉवेल कोरडा आहे. तिला पाण्यात जायचं नाहीये.
तिला पाण्यात जायचंय.'
दोन्ही वाक्यं ठेवली, कुठलंच खोडलं नाही.

निघताना सेफिना खिडकी लावायला थांबली
आणि पाठमोरीच म्हणाली,
पण पट्टीवर नाव कुणाचं होतं?

सोळा पानं लिहिली होती आपण.
ओली मान, लाल दोरा, मीठ,
उसनं घेणं म्हणजे काय यावर तर साडेतीन पानं.
जिचा पोशाख, तिचं नाव
आपण विचारलंच नव्हतं.

विलेमाइनने डोळे मिटून पाहिलं. मान हलवली.

मोरॅगने खडू उचलला.
नियमांखाली बोटभर जागा मोकळी सोडून
तिच्या चारी बाजूंनी बारीक बारीक टाके काढले.
लाल खडू नव्हता.
पांढरेच काढले.